शेततळ्याच्या काठावरच्या चपला : आत्महत्या, घातपात की तिसरंच काही?

द्राक्षवाला (धागाकर्ता)

मंडळी, एरवी मी इथे पावसाच्या आणि मिसळीच्या धाग्यांवर पडीक असतो. आज विषय जड आहे, सांभाळून घ्या.

नाशिक जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, त्याच्या बाहेरचा मळा. नाव मुद्दाम देत नाही. आमच्या नात्यातला मुलगा, बारावी सायन्स, वय सतरा. जानेवारीतली गोष्ट. वडील माल घेऊन वाशीला गेलेले. घरात आई, आजी आणि हा. रात्री जेवून झोपला. पहाटे आई चहा ठेवायला उठली तर अंथरूण रिकामं. सातच्या सुमाराला सालदाराला चुलत्याच्या शेततळ्याच्या काठावर त्याच्या चपला दिसल्या, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवल्यासारख्या. पोहणाऱ्या पोरांनी गळ टाकून साडेनऊला बाहेर काढला. वडील दुपारी पोचले तोवर पंचनामा उरकून बॉडी पीएमला (शवविच्छेदनाला) गेलेली. संध्याकाळी अंत्यविधी.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. पीएमवर 'बुडून मृत्यू, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला' असं असल्याचं सांगतात. आम्ही कागद अजून पाहिलेला नाही.

आता गावात दोन तट. एक म्हणतो, पूर्वपरीक्षेत फिजिक्सला आपटला, मोबाइल फार बघतो म्हणून आई रागावली, पोराने जीव दिला. दुसरा म्हणतो घातपात. दोन दिवस आधी क्लासबाहेर चार पोरांशी बाचाबाची झालेली. आजी म्हणते रात्री मोटारसायकलचा आवाज आला. कपाळावर जखम होती आणि तिचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरतोय. फोन घरीच चार्जिंगला होता, तो पोलिसांनी नेला. चिठ्ठी नाही.

आई कुणाशी बोलत नाही. वडील मला रोज एकच विचारतात, "तू शिकलेला, तुला काय वाटतं?" मला काय वाटावं तेच कळत नाही.

---

पंचवटीचा_पोऱ्या

वाईट झालं भो. पण माझ्या मते सरळ आहे. जीव द्यायला जाणारा माणूस चपला अशा नीट काढून ठेवतो का? कुणीतरी नंतर ठेवल्यात.

---

तर्री_जास्त

उलट. चपला काठावर नीट म्हणजे स्वतःहून गेला. पेपरात बातम्या वाचा, प्रत्येकीत काठावरच्या चपला असतात.

---

मळेवाली

तुम्ही दोघं कधी शेततळ्यावर गेलाय का? एकाच चपलेवरून एक खून काढतो आणि दुसरा आत्महत्या.

आमचं स्वतःचं तळं आहे, दिंडोरीकडे. आतून सगळा प्लास्टिकचा कागद. वर्ष झालं की त्यावर शेवाळाचा थर बसतो, हाताला साबणासारखा लागतो. बाजू उतरत्या. आत गेलेल्या माणसाला धरायला काही नाही. पोहणारा असला तरी चढताना पाय खाली येतो, परत चढतो, परत खाली येतो, आणि दमतो. कुत्री पडतात, हरणं पडतात, माणसं पडतात. म्हणून आम्ही चारही बाजूंनी दोर सोडलेत, टायरच्या ट्यूब बांधून. तिथे दोर होता का?

आणि चपला? काठावर मोटरीचा पाइप नीट करायचा, फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) हलवायचा, तर आम्ही सगळे चपला काढूनच उतरतो. रबरी चप्पल त्या कागदावर बर्फावर ठेवल्यासारखी सटकते. माझे सासरे गेली कित्येक वर्षं काढून ठेवतात, एकीशेजारी एक.

जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. मण्यात पाणी भरायचं असतं. शेतीची लाइट रात्रीच्या पाळीला असेल तर बाप घरी नसताना मोटर कोण बघणार?

---

द्राक्षवाला

दोर नव्हता. कुंपण आहे, पण एका बाजूची तार पडलेली.

लाइटचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. मोटरला मोबाइल स्टार्टर आहे, तो घरूनच फोनवर चालू करायचा.

---

मळेवाली

मग त्या स्टार्टरमधल्या सिमकार्डाची माहिती काढा. फोन लावला की तो उलट मेसेज टाकतो, मोटर चालू झाली, लाइट नाही, पाणी ओढत नाही, वगैरे. रात्री त्याने स्टार्टरला दोनदा-तीनदा कॉल केला असेल आणि मोटर पाणी उचलत नसेल तर तो उठून बघायला गेला, इतकं तरी कळेल. आणि बॅटरी, म्हणजे टॉर्च? जानेवारीच्या अंधारात फोन घरी ठेवून गेला तर हातात बॅटरी असणार. ती घरात आहे की नाही?

---

आडगाव_नाका

मी या खात्यातून निवृत्त आहे. कुठे होतो ते विचारू नका. ओळखीचं हवालदारी ज्ञान देतो.

अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे पोलिसांनी 'आत्महत्या' ठरवली असं नाही. हा लोकांचा कायमचा गैरसमज. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७४, आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १९४. त्यात फक्त एवढंच बघायचं की मरण वरवर पाहता कशाने आलं, अंगावर जखमा कोणत्या, संशयाला जागा आहे का. पंचांसमोर पंचनामा आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अहवाल. संशय निघाला तर गुन्हा नोंदवून तपास वेगळा.

डॉक्टरसुद्धा 'खून' किंवा 'आत्महत्या' लिहीत नाही. तो मरणाचं कारण लिहितो. बुडून म्हणजे बुडून. ढकलला, उडी मारली की घसरला, हे पाण्याला माहीत नसतं आणि फुप्फुसालाही नसतं. ते ठरतं काठावरून. ठसे, कागदावरचे ओरखडे, शेवाळ कुठे निघालंय, कपडे कोणते होते, झटापटीच्या खुणा, वस्तू कुठे पडल्या. पहिल्या दोन तासांत ते टिपलं तर टिपलं. नंतर सगळं गाव तिथे पाय देऊन जातं.

खरं सांगायचं तर तालुक्याच्या ठिकाणी सकाळी आठला एक हवालदार, एक होमगार्ड आणि दोनशे माणसांचा घोळका असतो. पंचनामा जीपच्या बॉनेटवर लिहिला जातो. मीही लिहिलेत. सगळेच चांगले लिहिले असं छातीठोक सांगणार नाही.

---

पंचवटीचा_पोऱ्या

मग कपाळावरची जखम? पाण्यात कोण मारणार त्याला, मासे?

---

केईएमची_आठवण

डॉक्टर आहे, न्यायवैद्यकातली नाही, पण एमबीबीएसला घासून घेतलेलं आठवतं.

जखम आहे इतकंच पुरत नाही. जिवंतपणी झाली की मेल्यावर, हे बघायचं. जिवंत शरीराला मार लागला की रक्त भोवतालच्या पेशींत उतरतं, कडा सुजतात. मेल्यावर तसं होत नाही, किंवा अगदी नगण्य. पीएम करणाऱ्याने हे लिहायचं असतं. वर धागाकर्त्यानेच लिहिलंय की गळ टाकून काढला. गळाचा आकडा, काठावरून ओढताना लागलेला दगड, यांनी होणाऱ्या जखमा फोटोत भयंकर दिसतात. पण तो घसरताना पाइपवर आपटला असेल तर ती जखम जिवंतपणीची निघेल, आणि कुणी दगड घातला असेल तरी जिवंतपणीचीच निघेल. मोबाइलवरच्या फोटोवरून मीच काय, कुणीही सांगू शकणार नाही.

दुसरं, पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता का. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, फुगलेली फुप्फुसं, मुठीत आवळून धरलेलं शेवाळ या खुणा 'हो' म्हणतात. शिवाय डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ असतं, त्याचं कवच सिलिकाचं. श्वासातून पाणी आत गेलं आणि हृदय चालू असेल तर ते रक्तातून थेट हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. मांडीच्या हाडात सापडलेले डायटम आणि तळ्याच्या पाण्यातले डायटम जुळवून बघतात. त्यासाठी त्याच तळ्याचं पाणी नमुना म्हणून घेतलेलं लागतं, आणि हे हमखास विसरतात. चाचणी काही रामबाण नाही, पण दुसरीकडे मारून इथे आणून टाकला, या शंकेला तिचा उपयोग होतो.

हाड राखून ठेवलं होतं का, ते पीएमच्या कागदावर कळेल. अंत्यसंस्कार झाल्यामुळे दुसऱ्यांदा पीएमचा प्रश्न आता उरला नाही.

---

सिन्नरी

गुगल केलं. बॉडी तळाशी जाते आणि वर यायला एक-दोन दिवस लागतात, थंडीत आणखी जास्त. मग सात वाजता दिसली कशी?? निफाडच्या थंडीत तर शक्यच नाही. आधीच मारलेला असणार!

---

द्राक्षवाला

दिसली नव्हती. दिसल्या त्या चपला. पोरांनी तळातून काढला.

---

सिन्नरी

ओके. माझा तेवढा प्रतिसाद बाद समजा.

---

खरं_ते_बोलणार

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक

वरचा प्रतिसाद काढला आहे. ज्या चार मुलांशी बाचाबाची झाली त्यांची आडनावं, जात, क्लासचं नाव, काहीही इथे येणार नाही. तीही अल्पवयीन असू शकतात. जखमेच्या फोटोचा दुवा टाकणाऱ्याचं खातं गोठवलं जाईल. धागाकर्त्यांनी नाव-गाव टाळलं त्याबद्दल आभार. पुन्हा असं झालं तर धागा वाचनमात्र करू.

---

काळा_कोट_जुना

नाशिक कोर्टात प्रॅक्टिस करतो. चार गोष्टी.

'आत्महत्या की खून' हा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला न्यायनिवाडा महाराष्ट्रातलाच आहे. शरद बिरधीचंद सारडा खटला. पुण्यात जून १९८२ मध्ये एका तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. ती मनाने खचली होती असं त्यांवरून दिसत होतं, म्हणजे तिने स्वतः जीव दिला असण्याची शक्यता पुसून टाकता येत नव्हती. परिस्थितीजन्य पुराव्याची जी पाच सूत्रं वकील 'पंचशील' म्हणून घोकतात ती याच निकालातली. त्यातलं एक असं की पुराव्याने आरोपीचा दोष सोडून बाकी प्रत्येक शक्यता बाद व्हायला हवी. 'केलं असेल' आणि 'केलंच आहे' यांत कोर्टाच्या हिशेबी फार मोठं अंतर आहे. आजीने ऐकलेली मोटारसायकल ही पहिल्या खात्यातली गोष्ट झाली.

पण दुसरी बाजूही ऐका. केरळात कोट्टायमला २७ मार्च १९९२ ला एक तरुण नन, कॉलेजची विद्यार्थिनी, कॉन्व्हेंटच्या विहिरीत सापडली. सिस्टर अभया. स्वयंपाकघरात चप्पल आणि पाण्याची बाटली पडलेली. स्थानिक पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, राज्याच्या क्राइम ब्रँचनेही तेच. पुढे सीबीआय आली. १९९६ मध्ये तिने आत्महत्या की खून ठरवता येत नाही म्हणून हात टेकले आणि कोर्टाने तो अहवाल नाकारला. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या खुनाबद्दल दोघांना जन्मठेप लागली. अठ्ठावीस वर्षं. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अपील चालू असताना ती शिक्षा स्थगित केली. म्हणजे पहिल्या दिवशी सैल सुटलेली गाठ नंतर कुणालाच धड मारता येत नाही.

तिसरं, आत्महत्या निघाली म्हणजे प्रकरण संपलं असं नाही. मुलगा अठराच्या आतला आहे. बालकाला आत्महत्येस प्रवृत्त करणं हा बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता) कलम १०७ खाली गंभीर गुन्हा आहे, मोठ्या माणसाच्या बाबतीतल्या १०८ पेक्षा शिक्षा बरीच कडक. त्या चार पोरांनी धमकावलं असेल, काही व्हायरल करण्याची भीती घातली असेल, तर फोन उघडणं महत्त्वाचं. पण परीक्षेवरून किंवा मोबाइलवरून आई एकदा रागावली, हे प्रवृत्त करणं नव्हे. हे त्या माउलीला कुणीतरी नीट सांगा.

चौथं, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पीएमची आणि पंचनाम्याची प्रत, फोन व स्टार्टरच्या सिमचे कॉल तपशील, रस्त्यावरच्या दुकानांचं सीसीटीव्ही. त्यावर थोड्या दिवसांत नवीन रेकॉर्डिंग चढतं, आजच धावा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, मग मॅजिस्ट्रेटकडे.

---

तर्री_जास्त

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझं चपलांवरचं मत मागे घेतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालातला एक आकडा बघा. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६. विद्यार्थी १३,०४४. त्यामुळे शक्यता म्हणून बघितलं तर पारडं तिकडेच झुकतं ना?

---

आडगाव_नाका

तो आकडा कशातून बनतो माहितीये का? मी बॉनेटवर लिहिलेल्या त्याच कागदांतून. त्याच अहवालात बुडून अपघाती मेलेले ३८ हजारांच्या पुढे आहेत. त्यांतले किती घसरलेले आणि किती घरच्यांनी हात जोडले म्हणून घसरलेले, ते मला विचारू नका.

---

गोदाकाठी

या शेवटच्या वाक्यावरून लिहिते. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते.

माझा धाकटा भाऊ एकोणीसचा होता. आम्ही अकरा वर्षं 'पाय घसरला' म्हणालो. नातेवाइकांना, त्याच्या मित्रांना, एकमेकांना. पोलिसांनीही तसंच लिहिलं, कारण बाबांनी तसं सांगितलं. त्याने मला आठवडाभर आधी त्याचं घड्याळ देऊन टाकलं होतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही.

मळेवाली ताईंचं सगळं पटतं. शेततळं तसंच असतं. पण द्राक्षवाला, तिसरी शक्यता दिसली म्हणून तिला बिलगू नका. घातपात म्हटलं की राग काढायला कुणीतरी मिळतं, अपघात म्हटलं की कुणावरच बोट येत नाही. आत्महत्या हा शब्दच तेवढा घरात घ्यायला कुणी तयार नसतं. म्हणून तो खोटा ठरत नाही.

---

समुपदेशक_मावशी

गोदाकाठी, लिहिलंत ते बरं केलंत.

शाळांमध्ये काम करते म्हणून दोन गोष्टी. 'कालच तर हसत होता, नवीन बॅट मागवली होती, तो कसा करेल' हा पुरावा नाही. 'फिजिक्सला कमी पडले' हाही पुरावा नाही, नाहीतर अर्धी बारावी गेली असती. चिठ्ठी नसणं तर कशाचाच पुरावा नाही, लिहून ठेवणारे कमीच असतात. एकाच कारणाने कुणी जात नाही. जाणकार लोक मागच्या कित्येक महिन्यांची झोप, जेवण, मित्र, वह्या, बोलणं असं सगळं शांतपणे विचारतात. आई, आजी, बाकावरचा मित्र यांना वेगवेगळं बसवून, आरोप न करता. ते गावच्या ओट्यावर होत नाही.

आणि आता जिवंत आहेत त्यांच्याकडे बघा. त्याची आई, आणि वर्गातली पोरं, त्या चौघांसकट. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा धागा वाचणाऱ्या कुणाच्या मनात स्वतःबद्दल तसं काही येत असेल तर त्यांनीही लावा, उद्यावर टाकू नका.

---

पंचवटीचा_पोऱ्या

गोदाकाठी, सॉरी. मी वर फारच हलकं लिहिलं.

---

द्राक्षवाला

नऊ दिवसांनी येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले होते. जुना कोट यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज दिले, पोच घेतली. काल वडिलांना घेऊन ठाण्यात गेलो आणि प्रती मिळाल्या.

पीएम : बुडण्याच्या खुणा आहेत, फेस लिहिलाय. कपाळाच्या जखमेपुढे 'मरणोत्तर' असं लिहिलंय. म्हणजे गळाचीच असावी. हाड राखलंय. तळ्याच्या पाण्याचा नमुना घेतलेला नव्हता, तो आता घेतील म्हणाले. नाशिकच्या लॅबचा अहवाल यायचाय. फोन अजून उघडलेला नाही. बॅटरी घरात नाही, तळ्यात आहे का कुणी पाहिलेलं नाही. मोटारसायकलवाला सापडला, गावातलाच दूधवाला, पण तो साडेचारचा. आजीला वेळ नक्की सांगता येत नाही.

घरी येऊन मी वडिलांना पंचनामा मोठ्याने वाचून दाखवत होतो. त्यांना चष्म्यानेही बारीक अक्षर लागत नाही. 'तळ्याच्या उत्तर काठावर, पाइपापासून अंदाजे तीन फुटांवर, तपकिरी रबरी चपला एक जोड, डाव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला.'

ते म्हणाले, परत वाच.

मी परत वाचलं. ते उठले, बाहेर पायरीपर्यंत गेले आणि आत आले. म्हणाले, "तार मी बांधलीये. त्या माझ्या चपला आहेत. महिना झाला मी घरात शोधतोय. ह्याच्या सँडल तर इथंच पायरीखाली पडल्यात."

इतके दिवस आम्ही सगळे, मीसुद्धा पहिल्या पोस्टमध्ये, 'त्याच्या चपला' म्हणत होतो. त्या मुद्देमालात बांधून गेल्या. आईने पाहिल्या नाहीत, वडील वाशीहून आले तोवर उचललेल्या. सालदाराला कुठे फरक कळणार.

---

मळेवाली

दाराशी जी हाताला येईल ती पायात घालून माणूस दोन मिनिटांसाठी बाहेर पडतो. आणि पाइपापासून तीन फूट.

---

काळा_कोट_जुना

त्यावरून काही ठरवू नका. मनात काहीही असलेला माणूसही समोरची चप्पल घालतो. पण हे कागदावर यायलाच हवं. वडिलांचा पुरवणी जबाब द्या, चपला ओळखल्याबद्दल. सँडल आहेत तिथेच राहू द्या, धुऊ नका, पुसू नका. स्टार्टरचे कॉल आधी येऊ देत. बॅटरीसाठी तळं खाली करायचं असेल तर पंचांसमक्ष करा, स्वतः उतरू नका.

---

द्राक्षवाला

उद्या सकाळी अकराला जबाबाला बोलावलंय. चुलत्याने आज तळ्याला चारही बाजूंनी दोर बांधले.